फणशी आणि डबा

गुहागर, खालचा पाट
अक्षयतृतीयेचा दुसरा दिवस, मे १९३२

चि. काशीराम,

आशीर्वाद पोत्यानं हायेत, लागतील तेवढे घे.

लोक मुंबईहून शिमग्याला येताना भावजयीला लुगडं आणतात. तू दोन गिटारी आणल्यास आणि सांभाळायला माझ्या गळ्यात घालून परत गेलास. सगुणा कुंपणावरून रोज विचारते, "चिमा, तुझ्या दिरानं आणलंय ते काय गो, वल्हं की पाळणा?" मी सांगते, वल्ह्याच्या पोटात पाळणा हाय, तू बस त्यात.

तुझी पहिली, खोक्याच्या फळ्यांची आणि रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची, तिचं नाव मी डबा ठेवलंय. तार ओढली की असा ओरडतो की कोंबड्या अंगणातून पळतात, आणि ओरडून लगेच गप्प. त्याला चुलीवरच्या माळ्यावर टाकलाय, धूर खात. दुसरी फणसाच्या लाकडाची, पोटात पितळेची वाटी असलेली, ती फणशी. तिचा आवाज उशिरा येतो. विहिरीत हाक मारली की खालून येते तसा, आणि आपण पाणी भरून घरी पोचलो तरी मागं राहिलेला असतो. तिला मी माझ्या गोधडीत ठेवलीय. मी निजते चटईवर.

आता एक गोष्ट नीट कळव आणि थट्टा करू नको, ह्या घरात थट्टेचा मक्ता माझा हाय. जाताना तू म्हणालास की तुझ्या त्या वाद्यवाल्या शेटला फणशी पसंत पडली तर तो तुला दुकानात कारागीर म्हणून बसवणार, आणि मग तू बोटीवर परत जाणार नायस. हे खरं, की माझं तोंड बंद करायला बोललास? तुझा भाऊ गेला तेव्हा त्याची होडीसुद्धा सापडली नाय, निसती एक फळी असगोलीच्या किनाऱ्याला लागली. तू बोटीवर असलास की वारा सुटल्यावर मी दार लावून बसते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझी वैनी,
चिमा


मुंबई, गिरगाव
२४ मे १९३२

वैनीस काशीरामचा वाकून नमस्कार.

लुगडं दिवाळीला आणतो. रंग आत्ताच सांगून ठेव, मागाहून नाक मुरडू नको.

मी बोललो ते खरं आहे. शेटजवळ एक विलायती गिटार आहे, आतून अशीच धातूची वाटी असलेली. कोणा साहेबानं जाताना विकली. दसरा झाला की शेट मधे पडदा लावणार, आणि मी पडद्यामागे बसून ती आणि माझी उलटसुलट वाजवायची. कुठली कुठली ते शेटना ओळखता आलं नाही तर दुकानातला बाक माझा. मग मी कोळसा ओढायला कुठल्याच बोटीवर जाणार नाही. तुझी शपथ.

फणशी तुझ्याकडे ठेवली कारण तिचं लाकूड अजून कच्चं आहे, त्याला एक पावसाळा शांत बसू द्यायला पाहिजे. इथे आमच्या खोलीत पंधरा माणसं. ओली धोतरं तिच्या डोक्यावर ठिबकली असती. तिच्या तारा सैल केल्या आहेत, त्या तशाच राहू देत, वाजवू नको. फक्त पावसाळ्यात तिला जप. आपण होडी जपतो ना, तिच्यापेक्षा जास्त जप.

वाजवायचं तर डबा वाजव. मांडीवर आडवा घे. डाव्या हातात काहीतरी गुळगुळीत, जड धर आणि ते तारांवरून सरकव, उजव्यानं तार ओढ. भजनातली चाल येते तुला, तीच शोध त्यात. पण रोज बस. शेट म्हणतात, वाद्य हाताला लवकर ओळखतं, हात वाद्याला ओळखायला फार दिवस घेतो. माझंच बघ. दिवसभर रंधा मारतो, रात्री पंधरा माणसांत तार वाजवली तर चपला येतात. मला बनवता येते, वाजवायला बसता येत नाही.

आता पावसाळ्यामुळे आगबोटी बंद होतील, पत्र टपालवाल्याच्या पायांनी येईल. उशीर झाला तर मला शिव्या देऊ नको.

काशीराम


गुहागर
नारळी पौर्णिमा, ऑगस्ट १९३२

चि. काशीराम,

शिव्या दिल्या. घे.

डबा माळ्यावरून काढला. काळा ठिक्कर झालाय धुरानं. सरकवायला मला खलबत्त्यातली पितळी बत्ती सापडली. सगळ्या गावाच्या पोरांची गुटी उगाळली तिनं, आता म्हातारपणी तारांवर घसरगुंडी खेळते. पयले काही दिवस मांजर घर सोडून गेलं. मग मांजर आलं, सगुणा गेली. आता सगुणाही येऊन उंबऱ्यावर बसते. म्हणते, "आता रडल्यासारखं वाजव." मी म्हणते, तुझ्याकडं बघितलं की आपोआप येतं.

आणि मेल्या, एक सांगू? तो डबा पूर्वीसारखा ओरडत नाय. धुरानं घसा सुकला त्याचा की माझा हात बसला, देव जाणे. आरतीची चाल पुरी येते. सकाळी भात वैरला की शिजेपर्यंत बसते, आणि दुपारी सगळे कलंडले की. गावात बोलतात, विधवा बाईनं तारा छेडाव्यात काय. मी सांगितलं, तार छेडते, तुमचा घोव नाय.

फणशीचं विचारू नको. होडीपेक्षा जास्त जप म्हणालास, तशी जपलीय. काय ते आलास की डोळ्यांनी बघ.

चिमा


गुहागर
दसऱ्यानंतरचा आठवडा, ऑक्टोबर १९३२

चि. काशीराम,

आलास आणि दोन दिवसांत गेलास. दाभोळला बोट धरलीस तेव्हा फणशी पोराला घेतात तशी छातीशी धरली होतीस, असं शिवा सुतार सांगत होता. तो तुला पोचवून आला तेव्हापासून मी वाट बघते.

तू खूश झालास ना? तोंडानं काय बोलला नायस म्हणून विचारते. गोधडी उघडली तेव्हा मी तुझ्या तोंडाकडंच बघत होते. आपण होडीला पाजतो तसं तिला पावसाळाभर तेल पाजलं. मासळीचं नाय, शेटच्या नाकाला वास गेला असता. घरच्या घाण्याचं खोबरेल. बाहेरून, आणि भोकातून बोट घालून आतूनसुद्धा, वाटी कळकू नये म्हणून. ते लाकूड किती तहानलेलं होतं, घटाघटा प्यायलं. तू तारा ताणल्यास, एक ओढलीस, दुसरी ओढलीस, मग लाकडाला कान लावलास. मग म्हणालास, "वैनी, केवढी चकाकते." आणि पडवीत जाऊन बसलास. पाणी घेऊन आले तर तुझे डोळे ओले. मी मनात म्हटलं, एवढा मोठा घोडा झाला तरी माया कळते ह्याला.

शेट काय म्हणाला ते लगेच कळव. सगुणेनं गणपतीला नारळ बोललाय. तिचा नारळ फुकट घालवू नको.

चिमा


मुंबई
२० नोव्हेंबर १९३२

वैनीस नमस्कार.

लिहायला उशीर झाला. काम जमलं नाही. शेट म्हणाले, गिऱ्हाइकाला विलायती मालच पाहिजे, इथल्या हातची कोण घेणार. आणि माझं वाजवणंही त्यांना पसंत पडलं नाही. वाईट वाटून घेऊ नको. सगुणाबाईला सांग, नारळ तिनंच खावा.

दुकानात नुसता रंधा मारायला ठेवत होते, पण त्यात पोट भरत नाही. म्हणून मी परत बोटीवर नाव घातलं. आपल्याकडचा आंजर्ल्याचा भागोजी आहे बरोबर, चांगला माणूस आहे. शपथ घातली होती, ती मोडली. तू काय म्हणशील ते माहीत आहे, म्हणून समोर यायचं धाडस झालं नाही.

फणशी दाभोळच्या बोटीनं शिवाच्या नावावर पाठवली आहे. तुझ्याजवळच राहू दे. तिला आता तेल बिल काही लावत बसू नको, कोरड्या फडक्यानं पूस म्हणजे झालं. डबा मात्र वाजवत राहा. तो सोडू नको. हे माझं एक ऐक.

लुगडं फणशीबरोबर आहे. निळं आहे.

काशीराम


गुहागर
पौष, जानेवारी १९३३

काशीराम,

हे पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकते. तुला कुठल्या मुलखात मिळेल ठाऊक नाय.

फणशीची एक खुंटी सैल झाली होती म्हणून शिवाला बोलावलं. त्यानं बोटानं तिच्या पोटावर टकटक केलं. मग दाराच्या फळीवर केलं. मग परत तिच्यावर. म्हणाला, "वैनी, हिला काय लावलंत?" मी आपली शेखी मिरवत सांगितलं, केवढं तेल प्यायली ती. शिवा खाली बसला. म्हणाला, "होडीला पाणी आत नको म्हणून तेल पाजायचं. हिच्या लाकडाला हलायचं होतं. ते आता जड झालं. ही आता गोधडीतूनच बोलणार." मी म्हटलं, उन्हात टाकू? पुसून काढू? राख चोळू? तो नाय नाय म्हणत राहिला.

तुला पयल्या तारेलाच कळलं होतं. तू कान लावलास तेव्हा कळलं होतं. आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी, मनात म्हणते माया कळली.

विलायती माल पाहिजे म्हणे. मेल्या, खोटं बोलायचं तर नीट तरी बोलायचं होतंस. तू बोटीवर गेलास तो माझ्या तेलानं गेलास. वारा सुटला की मी दार लावते, आणि तुला समुद्रात मीच ढकलला. तोंडावर बोलला असतास, दोन शिव्या घातल्या असत्यास, ताट फेकलं असतंस. मी तुला लहानाचा मोठा केला, मला एवढं ऐकायचा हक्क नव्हता?

लुगडं नेसले नाय.

चिमा


एडन बंदर
११ एप्रिल १९३३

वैनी,

तुझं पत्र इथं मिळालं. एवढ्या शिव्या वाचून घरी आल्यासारखं वाटलं.

आता सगळं खरं सांगतो. शेटनी पडद्याआडून एका तारेत ओळखली. म्हणाले, लाकूड तेल प्यायलंय. पण मग दोन्ही वाद्यं परत वाजवायला लावली आणि म्हणाले, "तुझ्या हातात विलायती तरी कुठं बोलते? तुझा हातच बसलेला नाही." म्हणजे फणशी पयल्यासारखी असती तरी पडद्यामागून मी पकडला गेलो असतो. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. दोन्ही झालं. आणि तेल नको हे सांगायचं मलाच सुचलं नाही. होडीसारखी जप असं मीच लिहिलं होतं. आपल्या घरात होडी कशी जपतात ते मला ठाऊक नव्हतं काय?

तरी सांगितलं नाही, त्याचं कारण वेगळं आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आलो तेव्हा तू आत डबा वाजवत होतीस. तुला माझा पायरव कळला नाही. मी पोफळीखाली पिशवी घेऊन उभा राहिलो. मला वाटलं, घरात दुसरंच कोणी आलंय. बोटीवर एक बेटावरचा माणूस असं वाजवायचा, त्याच्याकडून मी पयल्यांदा ऐकलं आणि हे वेड घेतलं. वैनी, रॉकेलच्या पत्र्यातून तू जे काढत होतीस ते मला शिसवीतून काढता आलं नसतं. आणि मी दोन वर्षं शेटच्या विलायतीचा आवाज उत्तम की माझ्या फणशीचा, ह्याचाच विचार करत होतो. तू तेवढ्यात रोज भात शिजेपर्यंत बसलीस आणि पुढं निघून गेलीस.

तेलाचं तुला सांगितलं असतं तर तू डबाही माळ्यावर टाकला असतास. मला माहीत आहे तू कशी आहेस. म्हणून पडवीत जाऊन बसलो.

आता ऐक. गणपतीला येतो. ही शपथ नाही, शपथा मला लाभत नाहीत. शिवाला सांग, फणसाची चांगली फळी काढून आपल्या चुलीवरच्या माळ्यावर टाक. धुरात सुकू दे. मी येऊन नवी बनवतो. पडद्यामागं ह्या वेळी तू बस. शेटना कळलं तर म्हणू, भावजय आहे, लाजते.

लुगडं नेस. निळा रंग तुला चालतो.

काशीराम


मुंबई
३ ऑगस्ट १९३३

चिमाबाईस आंजर्ल्याच्या भागोजीचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी काशीरामबरोबर बोटीवर होतो. कंपनीचा कागद तुमच्याकडे जाण्याआधी आपल्या माणसाचं पत्र जावं म्हणून लिहितो.

कोलंबोच्या अलीकडे बोटीत ताप आला. आधी दोघे पडले, मग काशीराम. डॉक्टर नव्हता. शेवटी त्याला फार समजत नव्हतं. किनारा लांब होता म्हणून त्याला पाण्यातच दिला. कप्तानानं टोपी काढली. आम्ही कोकणातले होतो त्यांनी रामाचं नाव घेतलं. मी त्याच्या पायाला हात लावला तो तुमच्या वतीनं लावला असं समजा, तुम्ही त्याला वडील, वडील माणसानं लावू नये हे माहीत आहे, पण दुसरं काय करणार.

तो तुमच्या गोष्टी फार सांगायचा. आम्ही हसायचो. मी एकदा विचारलं, तू एवढा कारागीर तर भट्टीपुढं कोळसा का ओढतोस? म्हणाला, "माझी गिटार नापास झाली. माझा हात कच्चा." बोटीवर सगळे तेच धरून होते, थट्टेनं त्याला कच्चा मिस्त्री म्हणायचे. तो हसायचा.

त्याची ट्रंक कंपनी पाठवील. तारांवरून सरकवायची त्याची लोखंडी पट्टी मी वेगळी ठेवली आहे. माझा भाऊ गुहागरास येणार आहे, त्याच्या हाती देतो.

भागोजी


गुहागर
कार्तिक, नोव्हेंबर १९३३

भागोजी,

तुला अरे म्हणते. तू काशीरामच्या बरोबरीचा असशील.

पट्टी मिळाली. तुझा भाऊ जेवून गेला. लाजरा हाय, दुसऱ्यांदा भात घेत नव्हता, मी वाढला. पट्टी माझ्या हातात बसत नाय, काशीरामचा पंजा मोठा. मी आपली खलाची बत्तीच धरते.

पत्र आलं तेव्हा बरेच दिवस मी काय केलं ते मला आठवत नाय. सगुणा भात आणून ठेवायची आणि बसायची. एक दिवस ती म्हणाली, "चिमा, मला काहीतरी टाकून बोल गो." गणपती तसेच गेले. माळ्यावर फणसाची फळी सुकते हाय. शिवा विचारत होता, काय करू तिचं. मी म्हटलं, राहू दे धुरात, तुझं काय खाते.

तुला पत्र लिहायचं कारण वेगळं हाय. तो तुम्हांला खोटं सांगत होता. त्याचा हात वाजवायला कच्चा होता, बनवायला नाय. त्यानं बनवलेली गिटार मी शिमग्याला ह्या कानांनी ऐकलीय. विहिरीतून यावा तसा आवाज होता तिचा. तिला पावसाळाभर खोबरेल पाजून मी मुकी केली, मी, त्याच्या भावजयीनं, होडी समजून. त्याला हे ठाऊक होतं आणि त्यानं ते तुम्हांला सांगितलं नाय, मला मी शोधून काढेपर्यंत सांगितलं नाय, परक्या मुलखात कोळसा ओढताना सांगितलं नाय. तर आता तू बोटीवर जाशील तेव्हा सगळ्यांना सांग. ज्यांनी कच्चा मिस्त्री म्हटलं त्यांना एकेकाला धरून सांग. हसले तर हसू देत, मला हसू देत. चिमाबाईनं गिटारीला तेल पाजलं म्हणून सांग, चांगलं रंगवून सांग. पण काशीराम कारागीर होता, हे शेवटी सांगितल्याशिवाय उठू नको.

डबा आता माझ्याहून चांगला बोलतो. देवळात सप्त्याला वाजवायला बोलावलं मला. पयल्यांदा ज्यांनी नाक मुरडलं तेच निरोप घेऊन आले होते. मी गेले, निळं लुगडं नेसून. पण घरी मी डबा वाजवत नाय. घरी फणशी घेते. शिवा म्हणतो, "वैनी, त्या मेल्या लाकडावर कशाला हात झिजवता, डबा हाय ना चांगला." डबा चांगला हाय, तो कोणीही वाजवला तरी चांगलाच वाजेल आता. हिच्यापाशी बसायला कोण हाय दुसरं? सकाळी भात शिजेपर्यंत बसते. दुपारी बसते. कोरड्या फडक्यानं पुसते आणि गोधडीत ठेवते. फार दबून बोलते ती, खोलीबाहेर ऐकू जात नाय.

काल खालची तार जरा मोकळी बोलली. मी तशीच उठून शिवाला हाक मारली, ऐकवली, दोनदा ऐकवली. तो म्हणाला, नाय वैनी, होती तशीच हाय.

शिवाला काय कळतंय.

चिमा